हौसाक्काची बेगमी

झोप मला पायांकडून येते. आधी तळवे जड होतात, मग पोटऱ्या. हात मात्र बराच वेळ जागे असतात, सारवलेल्या जमिनीवरून उगीच फिरत राहतात. वैशाखातली दुपार आहे. जेवण झालंय, एकटीचं ताट धुऊन उपडं घातलंय आणि मी कोठीच्या बंद दाराला पाठ लावून तिथंच खाली आडवी झालेय. पलीकडे पलंग आहे. पण गेले कित्येक दिवस मला इथंच बरं वाटतं.

कोठी म्हणजे आमच्या घरातली आतली खोली, बिनखिडकीची. पावसाळ्याची बेगमी तिथं राहते. आमचं कारवंड गाव धरणाच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या कुशीत. बाजाराला जायचं तर लाँचनं पाणी ओलांडायचं, नाहीतर घाटाच्या रस्त्यानं लांबचा वळसा. पाऊस धरला की धुक्यात आणि वाऱ्यात लाँच बंद पडते, घाटात दरड येते. मग गाव आपल्यापुरतं. म्हणून वैशाख सरायच्या आत गणपतीपर्यंतचं सगळं घरात यायला हवं. भात, नाचणी, डाळी, मीठ, गूळ, सुकट, वाळलेलं सरपण, अगदी काडेपेट्यासुद्धा.

आमच्या घरात हे सगळं हौसाक्का बघायची. ती माझी थोरली जाऊ. आमचे दोघींचे मालक मुंबईत हमाली करायचे. जत्रेला आणि गणपतीला तेवढे गावी यायचे. दोघंही आता नाहीत. तसं बघितलं तर माझा संसार झाला तो हौसाक्काबरोबरच. मागच्या पौषात तीही गेली. बारीक ताप होता, संध्याकाळी पेज प्यायली, सकाळी उठलीच नाही. तिचे दिवस झाले आणि मी कोठीला कडी घातली. ती अजून काढलेली नाही.

परवा निवास येणार आहे, माझा मुलगा. मला पुण्याला न्यायला. "आई, इथं बिल्डिंगच्या खालीच दुकान आहे," तो फोनवर सांगत होता. "फोन केला की सामान दारात येतं. तू एकटी तिथं पावसात काय करणार? आता कसली बेगमी करतेस?" मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायलाही काही सुचलं नाही. वैशाख निम्मा सरत आलाय आणि अंगणात काहीही वाळत घातलेलं नाही. सगळ्या वाडीत आमचंच अंगण तेवढं मोकळं.

हातही आता जड झालेत.

सुपाचा आवाज येतो. दोनदा भराभर, मग एकदा सावकाश, मग थांबून एक फुंकर. असं पाखडणारी बाई मी एकच पाहिलीय. मी डोळे उघडते, निदान तसं वाटतं. अंगणात भर उन्हात हौसाक्का बसलीय. डोईवर पदर, पाय लांब सोडलेले, मांडीवर सूप.

"उनं फुकाट चाललीत," ती वर न बघताच म्हणते.

ती गेलीय हे मला ठाऊक आहे. शेवटची आंघोळ मीच घातली तिला. तरी मला धक्का बसत नाही, भीतीही वाटत नाही. राग येतो थोडा, नेहमीसारखा.

"आक्का, उन्हात काय बसलाय? डोकं दुखंल. सावलीला या."

"सावलीला बसून धान्य वाळतं व्हय?" ती सूप हलवते. भुसा उडतो तो खाली न पडता हळूहळू वर जातो, कौलांच्याही वर. आम्ही दोघी मान वर करून तो जाईपर्यंत बघतो. "डाळीला ऊन दिलंस?"

"न्हाई."

"वालाला किडीसाठी माती लावली?"

"न्हाई, आक्का."

"चिंच?"

 ती पहिल्यांदा माझ्याकडं बघते. तोंड तेच, पण आजारपणातलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाचं आहे, गाल भरलेले, कपाळावरचं गोंदण ठसठशीत. मी तिच्यापेक्षा म्हातारी दिसत असणार. तिला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

"मग वैशाखभर केलंस तरी काय, रंजे?"

"निवास येतोय. परवा."

"येऊ दे की. ल्येक हाय."

"न्यायला येतोय. पुण्याला. कायमचंच."

सूप थांबतं. आता ती चिडेल, घर कुणाच्या जिवावर टाकून निघालीस म्हणेल, असं मला वाटतं. खरं सांगायचं तर तिनं तसं म्हणावं असंच वाटतं.

"मग जा की," ती म्हणते.

 "तुमी असं म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"एकटीसाठी कोठी कशाला भरायची, आक्का? एका पोटाला लागतं तरी किती? कुणासाठी धान्याला राख चाळायची, कुणासाठी चिंच फोडायची?"

 ती गुडघ्यावर हात टेकून उठते, सूप काखेत मारते. "आत चल. मिठाची बरणी बघू. बरणीला पाणी सुटलं की समजायचं, पाऊस अलीकडं आला."

मी जिथं आडवी झालेय तिथून तर आत जायचं दार आहे. मी तिथं नाही. दार सताड उघडं आहे. हौसाक्का वाकून आत शिरते आणि तिच्यामागून मी. कोठी आमचीच, पण लांबच लांब झालीय. एका अंगाला शेणानं लिंपलेल्या बांबूच्या कणग्या ओळीनं उभ्या, बाया पाटावर बसाव्यात तशा. आढ्याला कांद्याच्या माळा. सुकटीचा, गुळाचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास एकात एक मिसळलेला. हा वास मी या घरात आल्या दिवशी घेतला तेव्हा मला मळमळलं होतं. साताऱ्यात वाढलेली मी. आमच्या घरी वाण्याकडून पुडीनं सामान यायचं. आता तो वास नाकात भरून घेते आणि सोडवत नाही.

वर कौलांवर पाऊस कोसळतोय. म्हणजे बाहेर ऊन नाहीच. बाहेर श्रावण आहे आणि माझं पोट एवढं मोठं आहे की मला दाराच्या चौकटीला धरून उभं राहावं लागतंय.

मला कळतं, हा दरडीचा श्रावण.

त्या वर्षी लाँच आषाढातच बंद झाली. मग एका पहाटे घाटात डोंगराचा कडा खाली आला आणि रस्ताच नाहीसा झाला. मुंबईची पत्रं थांबली. लाईट नव्हतीच. निवास पोटात होता. मला बाळंतपणाला साताऱ्याला न्यायला भाऊ येणार होता, तो पाण्यापलीकडंच अडकला. वाडीतल्या बाया रोज टेकाडावर जाऊन लाँच दिसते का बघायच्या आणि धुकं बघून परत यायच्या.

"रडतीयास कशाला?" हौसाक्का विचारते. ती कणगीच्या तळाशी कान लावून उभी आहे.

"रडत न्हाई. काय ऐकताय?"

"दाणं बोलत्यात. किडं असलं की कुरकुर येती. न्हाई. गप हाईत समदं."

दारात कुणीतरी उभं आहे. शेजारची तानूबाई. अंगावरची साडी चिंब, पदराची झोळी करून त्यात काहीतरी धरलेलं. तिच्या घराची मागची भिंत कोसळून कणगी पावसात भिजली होती. ती झोळी उघडून दाखवते. भाताला मोड आलेत, पांढरे, लांब, एकात एक गुंतलेले.   झोळीतले मोड माझ्या डोळ्यांदेखत वाढत राहतात, हिरवे होतात, तिच्या मनगटांवरून खाली लोंबतात.

हौसाक्का सूप भरते आणि तानूबाईच्या टोपलीत ओतते. पुन्हा भरते. पुन्हा ओतते.

"आपल्याला पुरंल का, आक्का?" मी तेव्हा विचारलं होतं तसंच विचारते.

"पुरंल."

"पाऊस उघडला न्हाई तर?"

"तर नाचणी हाय. नाचणीला मरान न्हाई. तू आत जाऊन बस. उभी ऱ्हाऊ नगंस."

मी आत जात नाही, कारण कंबरेतून कळ येते. त्या दिवशी आली होती तशीच, अवेळी, महिना बाकी असताना. वरच्या वाडीतली सुईण ओढ्याच्या पलीकडं होती आणि ओढा कुणाला पाऊल टाकू देत नव्हता. भर दुपारी घरात संध्याकाळसारखा अंधार झालेला. हौसाक्कानं चुलीवर पाणी ठेवलं, तानूबाईला हाक मारली, मला म्हणाली, "माझा हात धर. मोडला तरी चालंल." आता कळा येतात पण दुखत नाही. लांब कुणी जात्यावर दळतंय तशी त्यांची नुसती घरघर ऐकू येते. मी तिचा हात धरलाय. तो उबदार आहे. गेलेल्या माणसाचा हात उबदार कसा, हा प्रश्न मला पडतो आणि मी तो विचारत नाही. विचारला तर ती हात काढून घेईल असं वाटतं.

मग निवास रडतो. माझ्याआधी तो तिच्याच हातात असतो. ती त्याला एवढा वेळ बघत राहते की तानूबाईला म्हणावं लागतं, "आगं, आईकडं दे की त्येला."

मी बाजेवर आहे. कौलातून सकाळ झिरपतेय. हौसाक्का वाटी घेऊन येते. वाटीत अळिवाची खीर, वर तुपाचा थेंब. बशीत डिंकाचा लाडू. गावात कुणाकडं गुळाचा खडा उरलेला नव्हता तेव्हा. चहा बिनगोडाचा प्यायचो आम्ही. आणि माझ्या हातात डिंकाचा लाडू. तेव्हा भूक एवढी होती की मी खाल्ला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाडू आला. निवासनं बाळसं धरेपर्यंत येत राहिला. कुठून आला हे मी विचारलं नाही. आधी लहान होते म्हणून, मग इतकी वर्षं गेली की आता काय विचारायचं, म्हणून.

आज विचारते. "आक्का, हे कुठलं?"

ती वाटी खाली ठेवते. आम्ही पुन्हा कोठीत आहोत, अगदी मागं, जिथं हात घालायचा तर जमिनीवर झोपावं लागतं. ती झोपून हात लांबवते आणि एक लहानसं मडकं ओढून काढते. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी. ती सुतळी सोडते. आत डिंक, अळीव, खारका, सुंठ. सगळं वेगवेगळ्या पुरचुंडीत, कोरडं खणखणीत.

"माझ्यासाठी ठेवल्यालं," ती म्हणते. "पयल्या येळंला मला दिवस गेलं तवा सासूबाईंनी भरून दिलं. ते मूल राहिलं न्हाई. दुसऱ्या येळंला बी न्हाई. मडकं तसंच. टाकून कसं द्यायचं? दर वैशाखात काढायचं, उनं द्यायची, किडल्यालं बाजूला करायचं, नवं भरायचं."

"मी आले तेव्हा...?"

"तवा बी भरत व्हते. लोकांनी इचारायचं सोडलं. तुझ्या भाऊजींनी बी सोडलं. म्या भरायचं न्हाई सोडलं. सवय म्हण."

मडक्याच्या आत बघते तर त्याला तळ नाही. खूप खाली उजेड आहे. मी झटकन मान वर करते.

"आणि तुमी ते मला दिलंत."

"मग कुणाला देऊ? बाळंतीण तूच व्हतीस की!" ती हसते. हसताना तिचा पुढचा किडका दात दिसतो, जो तिनं कधी काढू दिला नाही. "येडी कुठली. भरताना मला तरी कुठं ठावं व्हतं, कुणासाठी भरतीया."

मी तिच्याकडं बघत राहते. निवास तिला मोठी आई म्हणायचा. पोरगा तापानं फणफणला की माझ्या मांडीवरून उठून तिच्या मांडीवर जायचा, आणि मी शेजारी बसून राहायचे.  

"पाय वर घे," ती म्हणते. "पाणी आलं."

जमिनीवरून पाणी सरकत येतंय, स्वच्छ, न वाजता. आम्ही लाँचमध्ये बसलोय. लाँच चालवायला कुणी नाही, इंजिनाचा आवाजही नाही. सकाळ आहे का दुपार, सांगता येत नाही. ऊन सगळीकडून सारखंच येतंय. खाली पाण्यात वाफे दिसतात, बांध, एक चिंचेचं झाड, त्याच्या फांद्यांतून मासे फिरतात.

"त्ये आमचं घर," हौसाक्का बोट दाखवते.

तिचं माहेर धरणात गेलं. ती परकर नेसायच्या वयाची होती. एकदा आम्ही दोघी सांडगे घालत होतो तेव्हा तिनं सांगितलं होतं. ट्रक भरला, माणसं चढली, आणि एक कणगी राहून गेली. जागाच नव्हती. ट्रक वळणावर आला तेव्हा सगळे घराकडं, देवळाकडं बघून रडत होते, आणि तिची आई म्हणत होती, दार लोटलंय का, कुणी बघा गं, दार लोटलंय का, उंदीर जातील. पाणी कणगीपर्यंत कधी पोचलं ते कुणीच पाहिलं नाही. "माझी आय मरंपतूर त्या भाताचं बोलायची," हौसाक्का म्हणाली होती, आणि सांडगे घालत राहिली होती.

आम्ही लाँचमधून उतरतो. पाण्यात नाही, पायवाटेवर. पायाखाली फुफाटा आहे, गरम. डोक्यावर लांब लाँचचा तळ दिसतो, ढगासारखा. हौसाक्का पुढं, चपळ, पोरीसारखी चालतेय. दार लोटलेलंच आहे. ती खांद्यानं ढकलते.

आत कणगी उभी आहे. कोरडी. लिंपण अजून ताजं, त्यावर कुण्या बाईची बोटं उमटलेली. हौसाक्का त्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघते. मग झाकण सरकवते आणि कोपरापर्यंत हात आत घालते. बराच वेळ तशीच उभी राहते, डोळे मिटून.

"हाय की गं," ती म्हणते. "समदं हाय."

तिची मूठ बाहेर येते. लाल तांदूळ, आखूड, जाडा. असा तांदूळ मी कधी रांधलेला नाही. एक दाणा ती चिमटीत धरते आणि माझ्या तोंडाशी आणते.

"चाव. वाळलंय का बघ."

मी तोंड मागं घेते. माझी आई म्हणायची, स्वप्नात गेलेल्या माणसाच्या हातचं खाऊ नये.

हौसाक्काला ते न सांगता कळतं. ती कमरेवर हात ठेवते. "जलमभर माझ्याच हातचं खाल्लंस की!"

मला हसू फुटतं, रडूही. मी तोंड उघडते. तिची बोटं ओठांना लागतात, राखेनं खरखरीत झालेली.

"आक्का, तुमी येताय ना घरी?"

"चाव आधी."

मी चावते. कट्.

त्या आवाजानं मला जाग येते.

पाठीला कोठीचं दार. उन्हाची पट्टी उंबऱ्यावरून आत आलीय आणि माझ्या पायांवर पडलीय. मी उठून बसते. तोंडात काहीतरी टोचतंय, दाढेच्या आणि गालाच्या मध्ये. आधी वाटतं दात तुटला. जीभ फिरवून बघते. दात आहेत. मी ते तसंच गालात ठेवते आणि उभी राहते, आणि हात आपोआप कडीवर जातो. कडी गंजून घट्ट बसलीय. दोन्ही हातांनी हिसका देते तेव्हा निघते.

कोठी अंधारी आहे, आहे तेवढीच आहे. वास मात्र भरून आहे. डाळीचा डबा मी फरफटत अंगणात आणते, जुनं लुगडं पसरते, डाळ ओतते. पोरकिडे निघतात थोडे. ऊन त्यांचं बघून घेईल. मग वालाची थैली. मग चिंचेचा पाटा शोधते.

कुंपणापलीकडून तानूबाई डोकावते. आता तिच्या पाठीला पोक आलंय, पण डोळे शाबूत आहेत.

"काय गं रंजना? निवास न्यायला येतोय म्हणालीस की."

"येऊ दे," मी एका गालानंच बोलते. "आला की चिंच फोडायला बसवते."

"मग जाणार न्हाईस?"

"दिवाळीला जाईन. पाऊस झाल्यावर."

ती डाळीकडं बघते. "आणि एवढं सगळं? एकटीला?"

"नेहमीएवढंच," मी म्हणते.

 तानूबाई फाटक ढकलून आत येते, गुडघ्यांवर हात दाबत लुगड्याच्या कडेला बसते आणि डाळ पसरायला लागते. तिची पाठ वळल्यावर मी तोंडातलं तळहातावर घेते.

तांदूळ आहे. घरात आहे तो दुकानाचा, पांढरा, बारीक. हा लाल आहे, जाडा, आणि अर्धा. तुटलेली कड कोरडी, स्वच्छ.

उरलेला अर्धा कुठं गेला ते मी शोधत नाही.